एडीएचडी घराण्यातून येतो का? ठाणे-नवी मुंबईच्या पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एडीएचडी (अटेन्शन डेफिसिट हायपरअ‍ॅक्टिव्हिटी डिसऑर्डर, म्हणजे लक्ष न टिकणं, चुळबूळ, उतावीळपणा) असलेल्या मुलांच्या पालकांचा आमचा एक ग्रुप आहे, ठाणे, कळवा, ऐरोली, कोपरखैरणे, वाशी असे सगळीकडचे लोक आहेत त्यात. दर थोड्या दिवसांनी कोणीतरी नवीन येतं, तेच प्रश्न विचारतं, मग कोणीतरी लोकलमध्ये उभ्या उभ्या अर्धवट उत्तर टाइप करतं आणि ते पुढे फॉरवर्ड होत राहतं. म्हणून एकदाचं नीट लिहून ठेवतेय. मी डॉक्टर नाही, मायक्रोबायोलॉजी शिकलेय त्यामुळे रिसर्च पेपर बघून घाबरायला होत नाही, एवढंच. निदान आणि औषधं डॉक्टरांकडेच. इथे फक्त हे येतं कुठून आणि वय वाढलं की त्याचं काय होतं, एवढंच बोलूया.

आधी सरळ सांगा, एडीएचडी आनुवंशिक आहे की नाही?

आहे. आणि थोडाथोडका नाही, भरपूर आहे. मेंदूच्या आणि मनाच्या आजारांत ज्यांच्यावर आनुवंशिकतेचा प्रभाव सगळ्यात जास्त असतो, म्हणजे ऑटिझम, स्किझोफ्रेनिया, बायपोलर, त्याच पंगतीत एडीएचडी बसतो. २०१९ मध्ये जुळ्यांवरच्या ३७ अभ्यासांचा एकत्र हिशोब मांडला गेला तेव्हा आनुवंशिकतेचा सरासरी आकडा ७४ टक्के आला. पण हा थॅलेसेमियासारखा मामला नाही, की एक ठराविक जीन दोन्हीकडून आला आणि आजार झाला. तसं काही नाही इथे, ते पुढे येईलच.

हे जुळ्यांवरून कसं काय कळतं?

जुळी दोन प्रकारची असतात. एकसारखी दिसणारी जुळी, त्यांचा डीएनए जवळपास शंभर टक्के सारखा. दुसरी नुसती एका वेळी जन्मलेली, त्यांचा साध्या सख्ख्या भावंडांइतकाच, सरासरी निम्मा. दोन्ही प्रकारची जुळी एकाच घरात, एकाच आईच्या हातचं खात, बहुतेक वेळा एकाच शाळेत वाढतात. मग एकाला एडीएचडी असेल तर दुसऱ्यालाही असण्याचं प्रमाण एकसारख्या जुळ्यांमध्ये खूपच जास्त निघत असेल, तर तो फरक डीएनएचा, दुसरं काय. आणि तसंच निघतं, स्वीडन, नेदरलँड्स, इंग्लंड, अमेरिका, कुठेही बघा.

याशिवाय दत्तक मुलांवरचे अभ्यास आहेत. दत्तक गेलेल्या मुलाला एडीएचडी असेल तर त्याच्या जन्मदात्या आईवडिलांमध्ये त्याची लक्षणं जास्त सापडतात, वाढवणाऱ्यांमध्ये तेवढी नाही. वळण लावलं नाही म्हणून मूल असं झालं, असं सोसायटीत जे म्हणतात ना, त्यांना हे सांगायला बरं पडतं (ऐकतील की नाही तो भाग वेगळा).

७४ टक्के म्हणजे मला आहे तर माझ्या मुलाला होण्याचा चान्स ७४ टक्के?

नाही नाही नाही. हा गैरसमज सगळ्यात जास्त आहे आणि यावरून लोक रात्र रात्र झोपत नाहीत, म्हणून जरा सावकाश सांगते.

हा आकडा कुठल्याही एका माणसाबद्दल नाहीच. समजा हजार मुलं घेतली, त्यातली काही एकदम शांत, काही जरा चुळबुळी, काही अशी की वर्गात पाच मिनिटं बूड टेकत नाही. मुलांमुलांमध्ये हा जो फरक दिसतो, त्या फरकातला साधारण तीन चतुर्थांश भाग डीएनएमधल्या फरकांशी जोडता येतो, इतकाच त्याचा अर्थ. माझ्या मुलाचा एडीएचडी ७४ टक्के जीनमुळे आणि २६ टक्के मोबाइलमुळे, असं म्हणणंही चूकच. एकाच मुलाचे असे तुकडे पाडता येत नाहीत.

तुम्हाला हवा असलेला आकडा वेगळा आहे, तो म्हणजे घरात एकाला असेल तर बाकीच्यांना किती धोका. सख्ख्या नात्यात, म्हणजे आईवडील, भावंडं, मुलं यांच्यात, धोका इतर लोकांच्या मानाने साधारण ५ ते ९ पट धरतात. ऐकायला भयंकर वाटतं, पण जगभरात मुलांमध्ये एडीएचडीचं प्रमाणच ५ टक्क्यांच्या आसपास आहे, त्यामुळे इतक्या पटी धरूनही बहुतेक भावंडांना एडीएचडी नसतो. धोका जास्त आहे हे खरं. होणारच, हे खोटं.

अजून एक. हा आकडा जास्त आहे म्हणून त्यावर काही करता येत नाही, असं अजिबात नाही. फेनिलकीटोन्यूरिया नावाचा आजार पूर्णपणे जीनमुळे होतो, पण जन्मल्यापासून खाण्यातलं ते एक प्रोटीनचं घटक द्रव्य मोजूनमापून दिलं तर मूल छान वाढतं. जीनमुळे झालं आणि आता हात टेकले, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सासूबाई म्हणतात हे तुमच्या माहेरकडून आलंय. खरंच कोणाकडून येतं?

हा प्रश्न आमच्याकडे इतका येतो की याचं उत्तर भिंतीवर लावावं. मूल निम्मा डीएनए आईचा घेतं, निम्मा बाबांचा. एडीएचडीशी संबंध असलेले छोटे छोटे फरक हजारो आहेत आणि ते सगळ्यांकडेच थोडे थोडे असतात, तुमच्याकडे, यांच्याकडे, सासूबाईंकडे सुद्धा. दोन्हीकडून मिळून मुलाच्या वाट्याला त्यातले जरा जास्त आले की तोल तिकडे झुकतो. म्हणून कधीकधी दोन्ही आईबाबा ठीकठाक असतात आणि मुलाला ठळक लक्षणं असतात, आणि कधी बाबांना ठळक असतं पण तीनपैकी एकाच मुलात दिसतं.

मुलग्यांमध्ये जास्त दिसतं म्हणून ते आईच्या एक्स क्रोमोसोमवरून येतं, असंही कोणी कोणी सांगतं. रंग न ओळखता येण्याचं तसं असतं, एडीएचडीचं नाही. बाबांकडूनही तितकंच येऊ शकतं.

आणि माझं स्वतःचं मत विचाराल तर माहेर सासर करण्यात वेळ घालवूच नका, पण घराण्याची चौकशी मात्र जरूर करा, भांडायला नाही, डॉक्टरांना सांगायला. एखादा काका ज्याने सात नोकऱ्या बदलल्या, एक मावशी जी प्रत्येक लग्नाला उशिराच पोचते आणि तिथे गेल्यावर सगळ्यात जास्त गप्पा मारते, आजोबा जे एका जागी बसून कधी जेवलेच नाहीत. प्रत्येकाला एडीएचडी असेलच असं नाही, काही माणसं नुसतीच तशी असतात. पण बाबांना लहानपणी काय काय त्रास होता हे आत्याला विचारलं की जे बाहेर येतं ते बाबा स्वतः कधीच सांगणार नाहीत.

एडीएचडीचा जीन सापडला असं पेपरात आलं होतं ना?

पेपरात दर दोन वर्षांनी येतं. एक कुठला जीन नाहीच.

सकाळी ८:४० ला ठाणे स्टेशनच्या पुलावर जी गर्दी होते ती कोणामुळे होते सांगा. कोणा एकामुळे नाही, त्यातला कुठलाही एक माणूस बाजूला काढला तरी फरक पडत नाही, पण सगळे मिळून पूल जाम. एडीएचडीचे जीन असेच आहेत.

सुरुवातीला, साधारण १९९० च्या दशकात, लोक डोपामाइनच्या (मेंदूत निरोप पोचवणारं एक रसायन) मागे होते, कारण एडीएचडीची औषधं डोपामाइनवर काम करतात. डीआरडी४ नावाच्या, डोपामाइनचा निरोप पकडणाऱ्या रिसेप्टरच्या जीनमध्ये एक तुकडा सात वेळा रिपीट झालेला असतो काही जणांत, त्याच्यावर खूप अभ्यास झाले, मग डोपामाइन परत ओढून घेणाऱ्या ट्रान्सपोर्टरच्या जीनवर. संबंध निघाला पण अगदी किरकोळ, आणि तो सात वेळावाला तुकडा धडधाकट, छान लक्ष देणाऱ्या लोकांमध्ये सुद्धा भरपूर असतो.

मग पद्धत बदलली. एखादा जीन आधी ठरवून त्याच्या मागे लागण्यापेक्षा अख्ख्या डीएनएभर लाखो जागा तपासायच्या आणि एडीएचडी असलेल्या आणि नसलेल्या हजारो लोकांची तुलना करायची. २०१९ मध्ये २०,१८३ एडीएचडीवाले आणि ३५,१९१ बाकीचे, असं करून पहिल्यांदा १२ जागा खात्रीने मिळाल्या. २०२३ मध्ये एडीएचडीवाल्यांची संख्या ३८,६९१ वर गेली आणि जागा झाल्या २७. यातला बराच डेटा डेन्मार्कचा आहे. तिथे जन्मलेल्या प्रत्येक बाळाच्या टाचेतून तपासणीसाठी जे रक्ताचे थेंब घेतात ते सरकार जपून ठेवतं, आणि रुग्णांची नोंद देशभर एकत्र असते, त्यामुळे त्यांना हे जमलं. आपल्याकडे डिस्चार्ज पेपर घरात सापडत नाही.

त्या २०२३ च्या पेपरमधली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट म्हणजे, अंदाजे ७,००० च्या वर व्हेरियंट, म्हणजे डीएनएमधले छोटे फरक, यात गुंतलेले असावेत असा हिशोब निघाला, आणि त्यातले बहुतेक डिप्रेशन, ऑटिझम, स्किझोफ्रेनिया यांच्याशी सुद्धा कॉमन आहेत. म्हणून एकाच घरात एका मुलाला एडीएचडी, चुलत भावाला ऑटिझम, आत्याला डिप्रेशन असं दिसतं तेव्हा त्यात कुंडलीचा दोष शोधायला जाऊ नका. आणि हे जीन मुख्यतः काम करतात ते मेंदू घडत असताना, बाळ पोटात असल्यापासून.

मग रक्ताची किंवा लाळेची टेस्ट करून एडीएचडी आहे की नाही कळेल का?

नाही. आज तरी नाही.

त्या हजारो व्हेरियंटची बेरीज करून एक स्कोअर काढता येतो, रिसर्चमध्ये हजारो लोकांचे गट बघायला तो कामाचा आहे. पण समोर बसलेल्या एका मुलाबद्दल तो काही सांगत नाही. स्कोअर जास्त असून काही नसलेली मुलं ढिगाने असतात आणि स्कोअर कमी असून ठळक लक्षणं असलेलीही. शिवाय हा स्कोअर मुख्यतः युरोपियन वंशाच्या लोकांवरून बनवलाय, तो आपल्यावर लावला तर अजूनच कच्चा पडतो. निदान अजूनही बोलून, निरीक्षण करून, घर आणि शाळा दोन्हीकडची माहिती घेऊनच होतं. एमआरआय नाही, ईईजी नाही, डीएनए नाही.

आणि ते बोटांच्या ठशांवरून मुलाचा मेंदू सांगणारं जे असतं, डीएमआयटी, मॉलमध्ये टेबल टाकून बसलेले असतात, कधीकधी शाळेतच कॅम्प लावतात, त्याला कसलाही शास्त्रीय आधार नाही. रिपोर्ट मात्र छान रंगीत असतो.

पण आमच्या डॉक्टरांनी जेनेटिक टेस्ट सांगितलीये, मग ते फसवतायत का?

नाही, तो वेगळा विषय आहे. मूल उशिरा बोलायला लागलं, शिकण्यात खूप मागे आहे, फिट येतात, चेहऱ्याची ठेवण वेगळी आहे, अंगावर कॉफीच्या रंगाचे बरेच डाग आहेत, हृदयाचा दोष आहे, असं काही सोबत असेल तर डॉक्टर दुसरं काही शोधत असतात. फ्रॅजाइल एक्स, न्यूरोफायब्रोमॅटोसिस, ट्यूबरस स्क्लेरोसिस असे जीनमुळे होणारे आजार, २२ नंबरच्या क्रोमोसोमचा छोटा तुकडा गळालेला असणं, यात एडीएचडीसारखी लक्षणं खूप दिसतात. अशा वेळी टेस्ट करावी, कारण मग किडनी, हृदय वगैरे बाकीचंही बघावं लागतं. फक्त एडीएचडी आहे आणि बाकी सगळं नीट आहे, तर सहसा गरज नसते. कशासाठी करताय डॉक्टर, एवढं विचारायचं, त्यात काही उद्धटपणा नाही.

मोठा झाला की आपोआप जाईल ना? त्याचे बाबा पण असेच होते, आता ठीक आहेत.

बाबा खरंच ठीक आहेत का, ते आधी बघू. मस्करी सोडा, पण हा प्रश्न मोठा आहे.

काही मुलांचं कमी होतं, खरं आहे. अमेरिकेत २००७ मध्ये एमआरआयवरचा एक अभ्यास आला, मेंदूच्या वरच्या थराची जाडी वयानुसार कशी बदलते ते बघितलं. साध्या मुलांमध्ये ती जाडी साधारण साडेसात वर्षांला शिखर गाठते, एडीएचडी असलेल्यांमध्ये साडेदहाला. म्हणजे वाढीचा क्रम तोच, फक्त मागून येतोय, सगळ्यात उशीर कपाळामागच्या भागात. म्हणून दहा वर्षांचा मुलगा सात वर्षांच्या मुलासारखा वागतोय असं जे वाटतं ते उगाच वाटत नाही.

पण उशिरा आला म्हणजे शेवटी सगळेच पोचले, असं नाही. २००६ मध्ये बऱ्याच अभ्यासांचा एकत्र हिशोब आला, २५ वर्षांच्या वयात पूर्ण निदान बसणारे फक्त १५ टक्के उरले होते, पण अजून काही ना काही त्रास होतोय असे धरले तर ६५ टक्के. म्हणजे लेबल गेलं, त्रास बऱ्यापैकी राहिला. आणि २०२२ मध्ये एमटीए नावाच्या अभ्यासातल्या मुलांचं पुढे काय झालं ते आलं. यातली मुलं ७ ते १० वर्षांची असताना १९९० च्या दशकात घेतली होती आणि पंचविशीपर्यंत परत परत तपासली, त्यात साधारण ६४ टक्के लोकांचं कधी कमी कधी जास्त असं वरखाली होत राहिलं आणि पूर्ण बरे होऊन तसेच राहिले ते फक्त ९ टक्के. एका वर्षी ठीक वाटलं म्हणून फाइल रद्दीत घालू नका, एवढं तरी यावरून नक्की.

बदलतं काय तर बहुतेक वेळा धावाधाव, उड्या, खुर्चीवरून उठणं हे कमी होतं. लक्ष न लागणं, विसरणं, काम सुरू न करता येणं, हे टिकतं. आत चुळबूळ चालूच असते, दिसत नाही फक्त. म्हणून दहावीपर्यंत पळणारा मुलगा इंजिनिअरिंगला शांत दिसतो, सगळे खूश, आणि मग सबमिशन राहायला लागतात.

जीन तर जन्मापासून तेच राहतात, मग वयानुसार एवढा फरक कसा?

जीन तेच, पण सगळे एकाच वेळी काम करत नाहीत. स्वीडनमध्ये जुळ्या मुलांना ८-९ व्या वर्षी, मग १३-१४, मग १६-१७, मग १९-२० असं चार वेळा बघितलं. २०१३ मध्ये आलेल्या त्या निकालात लक्ष न लागण्यावर आनुवंशिकतेचा वाटा चारही वेळा जवळपास तेवढाच, पाऊणच्या आसपास. पण आतलं चित्र बदलत होतं. लहानपणीच्या जीनचा काही प्रभाव शेवटपर्यंत टिकला, काहींचा ओसरला, आणि वयात येताना आणि नंतर पण नवीन जीनचा प्रभाव सुरू झाला, जो आठव्या वर्षी दिसतच नव्हता.

दुसरीकडून पण तेच येतं. ज्यांचा एडीएचडी मोठेपणी टिकला अशा लोकांचा आणि लहान मुलांचा डीएनए २०२० मध्ये ताडून बघितला, आनुवंशिक साम्य ०.८१ निघालं, जिथे १ म्हणजे तंतोतंत सारखं. म्हणजे आजार बहुतांशी तोच, पण शंभर टक्के नाही.

मोठ्यांमध्ये आनुवंशिकता फक्त ३०-४० टक्के असते असं मी वाचलंय.

बरोबर वाचलंय, आणि यात एक गंमत आहे. मुलांच्या अभ्यासात फॉर्म कोण भरतं? आई. दोन्ही जुळ्यांचा एकच आई भरते. मोठ्यांच्या अभ्यासात प्रत्येक जण स्वतःचा फॉर्म स्वतः भरतो, दोन वेगळी माणसं, दोन वेगळ्या मोजपट्ट्या, आणि एडीएचडीवाल्या माणसाला स्वतःचं किती विसरतो हेच आठवत नसतं. या गोंधळात आकडा खाली येतो. स्वीडनमध्येच जेव्हा फॉर्मऐवजी डॉक्टरांनी केलेलं निदान धरलं, तेव्हा मोठ्यांमध्ये सुद्धा आकडा ७२ टक्के आला. तेव्हा जीन कमी झाले नाहीत, मोजण्यात घोळ होता.

मी ३६ वर्षांची आहे, मुलाचे फॉर्म भरताना सगळं माझंच वाटलं. शाळेत मात्र माझा पहिल्या पाचात नंबर असायचा. असं होऊ शकतं?

होऊ शकतं, आणि मुलींच्या बाबतीत तर फारच. मुली पळत नाहीत, खिडकीबाहेर बघत बसतात, बाईंना त्रास नाही मग कोण तक्रार करणार. हुशार असेल, घरात आई मागे लागणारी असेल, तर दहावी-बारावी निघून जाते. मग नोकरी, लग्न, मूल, ठाण्याहून महापेचा रोजचा प्रवास, डबा, पीटीएम, सगळं एकदम डोक्यावर येतं आणि मग कोसळतं.

पण थांबा, दुसरी बाजू पण आहे. न्यूझीलंडमधल्या ड्यूनेडिन शहरात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या हजारभर लोकांना जन्मापासून बघतायत. ३८ व्या वर्षी ज्यांच्यात एडीएचडीची लक्षणं दिसली त्यातल्या जवळपास ९० टक्के लोकांना लहानपणी एडीएचडी नव्हताच, आणि त्यांच्या डीएनएमध्ये एडीएचडीचा स्कोअर पण वाढलेला नव्हता. २०१५ मध्ये हे आल्यावर बराच वाद झाला. झोप नीट नसणं, थायरॉइड, डिप्रेशन, अँग्झायटी, दारू, यांनीही अगदी तसंच लक्ष उडतं. म्हणून डॉक्टर लहानपणीचं खोदून खोदून विचारतात, नियमच तसा आहे, १२ वर्षांच्या आत काही लक्षणं असायला हवीत, आणि १७ च्या पुढच्यांसाठी ठरलेल्या यादीतल्या नऊपैकी किमान पाच आत्ता असायला हवीत. इन्स्टाच्या रीलमध्ये तीन बसली तर त्याला निदान म्हणत नाहीत.

जुनी प्रगतिपुस्तकं मिळाली तर सोनं. मार्क नका बघू, शेरे बघा. हुशार आहे पण धांदरट. बडबड कमी करावी. वही अपूर्ण. गृहपाठ आणत नाही. मराठी शाळांच्या बाईंनी न कळत केवढी केस हिस्ट्री लिहून ठेवलीये.

मुलाचं निदान झालं. आता आम्ही दोघांनी पण दाखवायचं का?

शंका असेल तर हो, नक्की दाखवा. कारण अगदी व्यवहाराचं आहे. मुलासाठी जे जे सांगतात, टाइमटेबल, ठरलेली वेळ, एका वेळी एकच सूचना, औषध रोज त्याच वेळी, हे सगळं चालवायचं कोणी? आईने किंवा बाबांनी. आणि त्यांनाच एडीएचडी असेल तर ते चार दिवस चालतं. मग डॉक्टर म्हणतात पालक सहकार्य करत नाहीत, पालकांना वाटतं आपणच नालायक. आमच्या ग्रुपमध्ये बाबांचं निदान मुलानंतर झालं अशी घरं बरीच आहेत, आमचं पण त्यातलंच. बाबांची गोळी सुरू झाल्यावर मुलाची शाळेची बॅग रात्रीच भरली जायला लागली.

सुरुवात म्हणून डब्ल्यूएचओची मोठ्यांसाठीची सहा प्रश्नांची यादी आहे, एएसआरएस, ती भरून बघा. ती निदान करत नाही, फक्त पुढे दाखवायची गरज आहे का ते सांगते.

आम्ही खूप ओरडतो, कधी मारतो पण. त्यामुळे झालं असेल का?

त्यामुळे एडीएचडी झाला नाही. पण वाचा पुढे.

दत्तक मुलांवरचा एक अभ्यास आहे २०१३ चा. जन्मदात्या आईला एडीएचडीची लक्षणं असतील तर मूल जास्त उतावीळ निघालं, आणि त्या उतावीळपणामुळे दत्तक घेणारी आई, जिचं मुलाशी रक्ताचं नातंच नाही, ती त्याच्याशी जास्त कडक, चिडकी वागायला लागली. म्हणजे बरंचसं ओरडणं मुलाच्या वागण्यातून सुरू होतं. पण मग ते दुसऱ्या बाजूने मुलावर उलटतं, भांडणं, उलट बोलणं, शाळेबद्दल तिरस्कार वाढत जातो. मारणं थांबवा हे कुठलाही डॉक्टर सांगेल आणि त्याने एडीएचडी जाणार नाही हेही सांगेल, पण घरातलं वातावरण सुधारतं, ते काही थोडं नाही.

अतिशय टोकाचं दुर्लक्ष मात्र वेगळं. रोमानियाच्या अनाथाश्रमात अगदी हलाखीत राहिलेल्या बाळांमध्ये, नंतर चांगल्या घरात जाऊनही, एडीएचडीसारखी लक्षणं जास्त राहिली. ते तुमच्या-माझ्या घरातल्या चिडचिडीच्या जवळपासही नाही.

मोबाइल, साखर, प्रेग्नन्सीत घेतलेली पॅरासिटामॉल, यातलं काय खरं?

साखर नाही. कोणाला साखर दिली कोणाला नाही हे आईबाबा आणि मुलं कोणालाच न सांगता केलेल्या प्रयोगांचा हिशोब १९९५ मध्येच आला होता, वागण्यात फरक नाही. वाढदिवसाला मुलं नाचतात ती वाढदिवस म्हणून.

मोबाइलने एडीएचडी तयार होतो असं सिद्ध झालेलं नाही, पण एडीएचडी असलेलं मूल मोबाइलला जास्त चिकटतं, आणि त्यात झोप गेली की सगळंच बिघडतं.

पॅरासिटामॉलवरून मध्यंतरी खूप भीती पसरली. स्वीडनमधल्या जवळपास २५ लाख मुलांचा अभ्यास २०२४ मध्ये आला. वरवर बघता थोडा संबंध दिसत होता, पण एकाच आईच्या दोन मुलांची तुलना केली, एका वेळी गोळी घेतलेली, एका वेळी नाही, तर फरक उरला नाही. गरोदरपणातल्या सिगरेटचं पण बऱ्याच अंशी असंच निघालं, म्हणजे ज्या घरात जीन तसे असतात तिथे सिगरेटही जास्त ओढली जाते. (म्हणून ओढा असं नाही, बाळाचं वजन त्याने कमी होतंच.)

ज्यांचा संबंध पक्का धरतात त्यात फार लवकर जन्म, खूप कमी वजन, शिसं आणि फिटसाठीचं व्हॅल्प्रोएट हे औषध. व्हॅल्प्रोएट चालू असेल तर मनाने बंद करू नका, प्रेग्नन्सी प्लॅन करायच्या आधीच न्यूरोलॉजिस्टशी बोला.

एक मूल एडीएचडीचं आहे, दुसऱ्याचा विचार करावा का?

तुमचा निर्णय. आकडे वर दिलेत. धोका जास्त, पण खात्री नाही, आणि दुसऱ्या वेळी तुम्हाला लवकर लक्षात येईल हा फायदा. जेनेटिक काउन्सेलरकडे जायची गरज फक्त तेव्हा, जेव्हा पहिल्या मुलात एखादं ठराविक सिंड्रोम सापडलंय.

आनुवंशिक आहे तर औषधाने काय होणार?

औषध जीन बदलत नाही, पण त्या जीनमुळे जिथे कमी पडतंय तिथे काम करतं. मिथाइलफेनिडेट हे एडीएचडीचं नेहमीचं औषध डोपामाइन परत ओढून घेणारा पंप अडवतं, म्हणून डोपामाइन जरा जास्त वेळ टिकतं. अ‍ॅटोमोक्सेटीन नॉरएपिनेफ्रिन नावाच्या मेंदूतल्या दुसऱ्या रसायनावर काम करतं. इथे जीनचा एक खरा उपयोग आहे: सीवायपी२डी६ नावाचं लिव्हरचं एन्झाइम काही लोकांमध्ये जन्मतःच मंद असतं, त्यांच्यात अ‍ॅटोमोक्सेटीन रक्तात बरंच जास्त साठतं, म्हणून डोस हळूहळू वाढवतात. मुलाला अगदी कमी डोसला खूप मळमळ, धडधड होत असेल तर डॉक्टरांना सांगा, सहन करायला लावू नका.

ठाणे-नवी मुंबईत दाखवायचं कुठे?

मुलासाठी डेव्हलपमेंटल पेडियाट्रिशियन किंवा चाइल्ड सायकियाट्रिस्ट, मोठ्यांसाठी सायकियाट्रिस्ट. नुसत्या काउन्सेलरला औषध लिहिता येत नाही. खासगी परवडत नसेल तर मेडिकल कॉलेजला जोडलेल्या हॉस्पिटलच्या ओपीडी बघा, कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज हॉस्पिटल, नेरूळचं डी. वाय. पाटील. ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ पासून आहे, नावाला घाबरून लोक तिकडे जात नाहीत. ठाण्यातच आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही संस्था १९९० पासून मानसिक आरोग्याचं काम करतेय. फोनवर आधी बोलायचं असेल तर सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, मराठीत बोलतात.

जाताना शाळेच्या वह्या न्या, अर्धवट सोडलेल्या मुद्दाम न्या. क्लास टीचरकडून चार ओळी लिहून घ्या. दोन्ही घरांकडचं कोणाला काय होतं, एडीएचडी, फिट, डिप्रेशन, हृदयाचा आजार, कमी वयात अचानक गेलेलं कोणी, हे एका कागदावर लिहा, कारण स्टिम्युलंट (मिथाइलफेनिडेटसारखं औषध) सुरू करण्याआधी हृदयाचं विचारतातच. आणि तो कागद दोघांपैकी ज्याची पिशवी हरवत नाही त्याच्याकडे द्या.